सगळ्यांचा बाबा

प्रिय वन्सं,

काल फोनवर तुम्ही बोलत होतात आणि मी नुसती हं हं करत होते. शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं, मग ठरलं," आणि फोन ठेवून दिलात. काहीही ठरलेलं नाही. पण फोनवर तुम्ही रडायला लागता, आणि तुम्ही रडायला लागलात की माझी वाचा बसते. तुमच्या घराण्यात हवं तेव्हा डोळ्यांत पाणी आणायची कला सगळ्यांनाच अवगत आहे, माझ्या अंगी ती काही शेवटपर्यंत आली नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचंच असेल तर तेवढं शेवटपर्यंत वाचून फाडा.

आणखी एक. आजवर मी 'हे' म्हणत आले, 'यांना' म्हणत आले. या पत्रात 'तुमचा भाऊ' असं लिहिणार आहे आणि एकेरीच लिहिणार आहे. तुम्हाला ते खटकेल. मलाही पहिल्या ओळीला खटकलं, दुसऱ्या ओळीला हात सरावला.

इकडचं वर्तमान म्हणाल तर घर ठीक आहे, मी ठीक आहे, कुंड्या मात्र ठीक नाहीत. तुमचा भाऊ गेला तेव्हा फाटकापाशी फुलांचा ढीग लागला होता, तो तुम्ही पाहिलात. पुढे कितीतरी महिने रोज कोणी ना कोणी येऊन फुलं ठेवून जायचं. बायका फाटकाला कपाळ टेकून 'बाबा, बाबा' करत रडायच्या आणि मी आतून पडदा सारून बघत असायची. मग मालिकेत त्याच्या लेकीचं काम केलेल्या त्या पोरीची मुलाखत आली. फुलं थांबली आणि एका सकाळी बाहेर पाहते तर नावाच्या पाटीवर कोणीतरी काळा रंग फासलेला. दुसऱ्याच दिवशी दुसरं कोणीतरी येऊन तो रंग खरवडून, पाटीखाली पुन्हा फुलं ठेवून गेलं. फासणाऱ्यांनी आणि खरवडणाऱ्यांनी, दोघांनीही माझ्या कुंड्या तुडवल्या. एवढ्या एका गोष्टीत दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं दिसतं.

बाहेर जायची सोय राहिलेली नाही. औषधाच्या दुकानातला माणूस रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत घालता घालता विचारतो, "काकू, तुम्हाला काय वाटतं, खरं असेल?" पाऊस पडेल का, असं विचारावं तसं. वरच्या मजल्यावरची म्हणते, आगीशिवाय धूर निघत नाही. तिचा नवरा म्हणतो, मेलेल्या माणसावर कोणीही काहीही बोलेल, तो काय उठून उत्तर द्यायला येणार आहे? दोघं नवरा-बायको जिन्यात उभे राहून माझ्यासमोरच वाद घालतात आणि मग माझ्याकडे बघतात, पंचाकडे बघावं तसं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर कमाल केली. तोंडात आरसा आणि कापूस कोंबल्यावर म्हणाल्या, "माझा तर बाई विश्वासच बसत नाही. तुमचा?" मी आ वासून पडलेली. काय बोलणार? लग्नानंतरची सगळी वर्षं अशीच गेली की, असं मनात आलं आणि हसू फुटलं. त्या म्हणाल्या, हलू नका.

तुम्ही ती मुलाखत पूर्ण पाहिली नाही म्हणता. पाहवली नाही म्हणता. पण तिच्याविरुद्ध वर्तमानपत्रात बोललात मात्र पूर्ण. 'कृतघ्न', 'खोटारडी', 'ज्या माणसाने लेकीसारखं वागवलं त्याच्यावर चिखल उडवणारी'. तेव्हा ती नेमकं काय बोलली ते आता माझ्याकडून ऐका, कारण लोकांनी त्यात आपापलं तिखटमीठ बरंच घातलं आहे.

ती म्हणाली, मालिका सुरू झाली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. सगळे मला छोटी म्हणायचे, मालिकेतलं नाव तेच होतं. त्या मालिकेत मला आठवड्यातून एकदा तरी रडायला लागायचं, आणि मला रडू यायचं नाही. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं की बाबांना आवडायचं नाही. ते म्हणायचे, माझ्या मालिकेत खोटं पाणी चालणार नाही. मग प्रसंगाच्या आधी ते मला रंगभूषेच्या खोलीत न्यायचे, दार लावायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि कॉलरच्या आत, गळ्याखालच्या हाडाच्या खाली अंगठा खुपसायचे. पाणी येईपर्यंत. आणि तसाच तो अंगठा तिथे ठेवून मला कॅमेऱ्यासमोर घेऊन जायचे. चित्रण चालू असताना हात खांद्यावरच असायचा. प्रसंग बिघडला तर जेवणाच्या सुट्टीत त्याच खोलीत कोंडून ठेवायचे. कधी मार असायचा, कपड्यांखाली झाकला जाईल असा. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, केवढ्या मोठ्या माणसाबरोबर काम करतेस, जरा सोसावं लागतं.

एवढंच म्हणाली ती. लोकांच्या मनात जे लगेच येतं तसलं काही नव्हतं, हेही तिने स्वतःच सांगितलं. त्यावर तुमचे ते मालिकेचे दिग्दर्शक म्हणाले ना, "मग झालं तरी काय?" त्या वाक्यासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही.

आता तुम्हाला आश्चर्य वाटेल असं सांगते. माझा तिच्यावर विश्वास बसला नव्हता.

खरंच नव्हता. तुमच्याइतकीच मी तिच्यावर संतापले होते. एक तर ती अंत्यदर्शनाला आली होती. तुम्हाला आठवत असेल, कोपऱ्यात उभी राहून हमसून हमसून रडत होती, नंतर माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या हातातला पेला घेऊन पाणी प्याली. त्यावेळचं रडणं तरी खोटं किंवा आत्ताचं बोलणं तरी खोटं, असं मला वाटलं. दुसरं म्हणजे तुम्ही शोधून काढलेला महिना. ती म्हणते तो घरी परत येण्याचा प्रसंग, ज्यात छोटी पळून गेलेली असते आणि बाबा दारातच तिला जवळ घेतात, तो अमुक महिन्यात चित्रित झाला असं ती म्हणाली, त्या वेळी खोलीत काय काय झालं तेही तिने सांगितलं, आणि त्याच महिन्यात तुमचा भाऊ पित्ताशयाच्या खड्यांसाठी इस्पितळात पडून होता. तुम्हाला हे आठवलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे येऊन म्हणालात, "सापडली. खोटं बोलणाऱ्याचा पाय कुठे ना कुठे घसरतोच." बरोबर आहे तुमचं. तो त्या महिन्यात इस्पितळातच होता. उशाशी मीच बसले होते.

आणि तिसरं कारण, जे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. मुलाखतीत तिने आपल्या कॉलरला हात लावून ती जागा दाखवली. मी दूरदर्शनसमोर बसले होते, मांडीवर ताटली होती. ती नेमकी जागा, वन्सं. डाव्या बाजूची, हाडाच्या अगदी खाली, जिथे बोटभर मऊ मांस असतं. माझा हात आपोआप तिथे गेला. मला वाटलं, हिला कसं कळलं? हिला कोणी सांगितलं माझं? आणि मग असा राग आला की काय सांगू. नवऱ्याची कीर्ती जगाने वाटून घेतली, त्याचा वेळ घेतला, 'बाबा' म्हणून तोही घेतला, आणि आता माझ्या वाट्याचं हे एवढंसुद्धा वाटून घ्यायला कोणीतरी आलं, असं वाटलं. तो अंगठा फक्त माझा आहे, अशी माझी समजूत होती. हसाल तर हसा. माणसाला कशाचाही हक्क वाटायला लागतो.

तुम्ही हसणार नाही. तुम्हाला ती जागा ठाऊक आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी तुमच्या घरी आले होते, ब्लाउजचं वरचं बटण लावता येत नव्हतं एवढं ते सुजलं होतं. काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं. आडपडदा न ठेवता, पहिल्यापासून. तुम्ही पाणी गरम केलंत, फडकं भिजवलंत, शेकलंत. आणि म्हणालात, "त्याचा राग दुधासारखा आहे गं. उतू जातो आणि लगेच खाली बसतो. जरा विस्तव कमी ठेवायला शीक." मी वडिलांनाही सांगितलं होतं. वडील म्हणाले, "एवढा मोठा माणूस उगाच कशाला चिडेल? तू काय केलंस?" आणि मालिका चालू असताना एकदा त्या दिग्दर्शकांना फोन केला होता, की तुमच्याकडून येताना फार तापून येतात, घरी त्याचा त्रास होतो, जरा सांगा त्यांना. ते म्हणाले, "वहिनी, कलावंत माणूस आहे. तेवढं चालायचंच."

लोक त्या पोरीला विचारतात, तेव्हाच का नाही बोललीस? इतकी वर्षं काय करत होतीस? मला हे फार गमतीचं वाटतं. मी तेव्हाच बोलले होते. जिथे जिथे बोलायची सोय होती तिथे तिथे बोलले. पुढे काय झालं ते तुमच्यासमोर आहे. वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बाहेर गेलं की बायका हात धरून म्हणायच्या, किती भाग्याच्या हो तुम्ही, घरातच बाबा! मूल झालं नाही तेव्हा एका मासिकाने लिहिलं होतं, की पोटचं लेकरू नसल्याने त्यांनी सगळी माया पडद्यावरच्या लेकीवर ओतली. ते कात्रण तुम्ही चौकटीत लावून आणून दिलं होतंत.

मुलाखतीनंतर एका दुपारी तुम्ही आणि दिग्दर्शक आलात. ते थेट तुमच्या भावाच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, बाकी सगळं आम्ही सांभाळतो. तुमचं एक वाक्य हवं आहे. 'त्यांनी घरात कधी कोणावर हात उगारला नाही.' शनिवारी चित्रीकरणगृहाला त्यांचं नाव देतोय, समारंभ सगळीकडे दिसणार आहे, तुम्ही पहिल्या रांगेत ताईंच्या शेजारी बसायचं, ध्वनिक्षेपक हातात देऊ, एवढं वाक्य बोलायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि तुम्ही माझ्याकडे न बघता मान डोलावलीत. मी चहा आणला. देता देता विचारलं, मी एकदा तुम्हाला फोन केला होता, आठवतंय का? ते म्हणाले, "फोन? नाही बुवा आठवत," आणि बिस्कीट चहात बुडवलं. ते बिस्कीट तुटून कपात पडलं. कपात बोट घालून काढत बसले. त्या माणसाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, ही मंडळी एवढी धडपड कशासाठी करतात? पोरगी खोटी असेल तर गप्प बसा की. खोटं आपोआप विरतं. माझं वाक्य कशाला हवं?

तुम्ही गेल्यावर मी तो प्रसंग लावला, घरी परत येण्याचा. वाहिनी सारखी दाखवतच असते. मी तो मालिका चालू असताना पाहिला होता, सगळ्या जगाबरोबर रडलेही होते. तुम्हीही तो शंभरदा पाहिला आहे, पुन्हा एकदा बघा. आवाज बंद करून बघा. दार उघडतं. पोरगी उंबऱ्यात उभी. बाबा काही न बोलता पुढे येतात, उजवा हात तिच्या खांद्यावर, चार बोटं पाठीवर दिसतात. पाचवं कॉलरच्या आत. तिचा चेहरा बघा. आधी डोळे मोठे होतात, मग खालचा ओठ आत जातो, मग पाणी. त्याचा चेहरा मात्र काय सुंदर आहे! किती माया आहे त्यावर! मी तीन-चार वेळा मागे-पुढे करून पाहिलं. खात्रीने काही सांगता येत नाही, हे मी कबूल करते. कॉलरमुळे काही दिसत नाही. तुम्हाला तिथे माया दिसते, कोर्टात उभं केलं तर तुमचंही खरं ठरेल. पण मला तो खांदा किंचित वर उचललेला दिसला, आणि तसा खांदा का उचलावा लागतो ते मला माहीत आहे. तो उचलला की थोडं कमी दुखतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भेटायला गेले. हो, गेले. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात. ती आता अभिनय करत नाही. परभाषेतल्या बालचित्रपटांना आवाज देते. एका इमारतीच्या तळघरात त्यांची ती आवाजाची खोली आहे, भिंतींना मऊ काहीतरी ठोकलेलं, मध्ये जाड काच. दारावरच्या मुलीने मला काचेअलीकडच्या बाकावर बसवलं. पलीकडे ती कानांवर ते मोठे गोळे लावून उभी होती आणि अस्वलाच्या पिल्लाचा आवाज काढत होती. पिल्लू मधाच्या पोळ्यात नाक घालतं आणि मधमाशा मागे लागतात, असा काहीसा प्रसंग. किती मजेत करत होती! हात हलवत, नाक फेंदारत. पस्तिशी उलटलेली बाई, केसांत थोडं पांढरं. मग तिची नजर काचेकडे आली आणि पिल्लाचा आवाज मध्येच थांबला.

बाहेर आली. पाण्याच्या यंत्राशेजारी दोन खुर्च्या होत्या, तिथे बसलो. मला म्हणाली, "भांडायला आलात?" मी म्हणाले, माहीत नाही. तिने मला पाणी दिलं. मी सरळ विचारलं, तू सांगतेस त्या महिन्यात ते इस्पितळात होते, त्याचं काय? मला वाटलं होतं ती चिडेल, नाही तर काहीतरी पटवून देईल. ती म्हणाली, "मग चुकलं असेल माझं. आधीचा महिना असेल, नंतरचा असेल. दर आठवड्यालाच होतं ते, काकू, त्यामुळे सरमिसळ होते. लोकांना खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी शाळेच्या वह्या जपून ठेवल्या नाहीत, याचीही कुठे नोंद ठेवली नाही." मी म्हणाले, आणि अंत्यदर्शनाला येऊन रडलीस ते? तर म्हणाली, "तिथे कॅमेरे होते ना. मला कॅमेरा दिसला की रडू येतं. आपोआप. डॉक्टरांना दाखवलंय. म्हणून तर इथे काम करते, इथे माझा फक्त आवाज लागतो." अगदी साधेपणाने म्हणाली. पडशाबद्दल बोलावं तसं.

मी उठायच्या बेतात होते. पटलंही नव्हतं आणि न पटल्यासारखंही नव्हतं. मग कोण जाणे का, मी विचारलं, अंगठा काढल्यावर काय म्हणायचे? मुलाखतीत ते तिने कुठेच सांगितलं नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं. आवाजाचंच काम तिचं, वन्सं. तिने तुमच्या भावाचा आवाज काढला. प्रेमळ, दमलेला, थोडा घोगरा, अगदी तोच: "बघ, बाळा. बघ तू मला काय करायला लावतेस."



हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. बाळाऐवजी दुसरा शब्द असायचा, बाकी सगळं तेच, तोच उसासा, तीच 'बघ'वरची माया. आणि मी ते खरं मानलं होतं. तुम्हीही तेच म्हणाला होतात की, विस्तव कमी ठेवायला शीक. वडीलही तेच म्हणाले, तू काय केलंस. माझ्यातच असं काहीतरी असणार, की एवढा देवमाणूस माझ्यापाशी आला की जनावर होतो, असं धरून मी चालत आले. मीठ कमी पडलं म्हणून, आवाज चढला म्हणून, गप्प बसले म्हणून, हसले म्हणून. कितीतरी कारणं शोधली, एकेक दुरुस्त करत गेले. आणि इथे तळघरात एक बाई मला सांगते आहे, की पंधरा वर्षांच्या परक्या पोरीला, जिला आमच्या घरातलं मीठही माहीत नाही, तिलाही तो हेच म्हणत होता. ते वाक्य त्याला पाठ होतं. मालिकेतल्या वाक्यांसारखं.

मला काय झालं सांगू? हायसं वाटलं. तिच्या दुःखाने कोणाला हायसं वाटावं, ही किती ओंगळ गोष्ट आहे, ते मला कळतं. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मलाही आत्ता तुम्हाला पाहून तसंच वाटलं." मग आम्ही दोघी त्या यंत्राशेजारी बसून हसलो. आतून कोणीतरी काचेवर टकटक केली, अस्वलाचं पिल्लू खोळंबलं होतं.

तेव्हा औषधवाल्याने पुन्हा विचारलं तर त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे. आजवर मी ती तोंडातून काढली नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मी तुमच्याकडून शेकून घेऊन दुसऱ्या दिवशी घरी परत आले तेव्हा तुमचा भाऊ मला म्हणाला, माझ्या ताईकडून शीक. मी एकोणीस वर्षांचा होतो, तिने माझं नाटकात जाणं अडवलं म्हणून मी तिचा हात पिरगाळला, मनगटाचं हाड मोडलं. पण तिने डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडले. माया असली की माणूस असं बोलतं. हे तो मला अभिमानाने सांगत होता. आणि मला आदल्या दिवसाचं फडकं आठवलं. तुम्ही ते पिळत होतात तेव्हा डावा हात वळत नव्हता, उजव्यानेच पिळून पाणी गाळत होतात, आणि माझ्या अंगावर थेंब पडत होते. मी तुमच्यावर तेव्हापासून रागावू शकले नाही. प्रयत्न मात्र पुष्कळ केला.

म्हणून हे पत्र. शनिवारी मी येणार नाही. ज्या बाईने त्या पोरीची मुलाखत घेतली तिच्यासमोर मी परवा बसले, माझं नाव, माझा चेहरा लपवू नका म्हटलं, आणि लग्नापासूनचं सगळं सांगितलं. ते शुक्रवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. तुम्हाला ते दूरदर्शनवरून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. तिने मला विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास झाला होता का? मी म्हणाले, मला फक्त माझं माहीत आहे. तेवढं एक खोटं बोलले, तुमच्यासाठी. तुमचं तुमच्यापाशी राहू दे, ते सांगायचा हक्क मला नाही. पण शुक्रवारनंतर लोक तुमच्या दाराशी येतील आणि हाच प्रश्न तुम्हाला विचारतील. तुम्ही तेव्हाचंच उत्तर पुन्हा दिलंत तर मी कुठेही, कधीही त्याच्या विरोधात बोलणार नाही, हा माझा शब्द. तुमच्याशी बोलणंही सोडणार नाही. फक्त उत्तर देण्याआधी एकदा आठवून बघा. लग्न होऊन मी तुमच्या त्या माहेरच्या घरात आले, पहिला महिना तिथेच राहिले, कोपरान् कोपरा झाडला. बैठं घर होतं, वन्सं. त्याला जिना नव्हता. डॉक्टर त्या घरी येऊन गेले होते, शेजारी रोज येत होते. तरी तुमच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

अजूनही तुमचीच म्हणवून घेणारी,
तुमची भावजय